शांत खोलीत कोण उभं होतं

पिंप्राळा

डिसेंबरात जळगावला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, भरीत खाल्ल्याशिवाय परत येऊ नकोस. मलाही सांगितलं. मी निघाले होते एक लग्न मोडू नये म्हणून, पण हे सोसायटीच्या जिन्यात कुणाकुणाला सांगत बसणार? "हो हो, खाते," म्हटलं आणि गाडी पकडली.

तुम्हाला मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी निवृत्त इंजिनीअर. सगळी नोकरी विमानाच्या पत्र्यांना छळण्यात गेली. जेट इंजिनाचा आवाज म्हणजे एक सूर नसतो, सगळ्या सुरांचा एकदम लोंढा असतो. तो विमानाच्या अंगावरच्या पातळ पत्र्यावर आदळतो. पत्रा त्यातले आपल्याला मानवणारे सूर उचलतो, थरथरायला लागतो आणि पलीकडची हवा ढकलून आतल्या बाजूला स्वतःचा आवाज काढतो. लोकांना वाटतं पत्रा आवाज अडवतो. कसला अडवतोय! तो इकडून घेतो आणि तिकडून बोलतो. शिवाय थरथरून थरथरून रिव्हेटच्या ओळीत त्याला चिरा पडतात. किती आवाज आत जातो आणि चीर कधी पडते, हे मोजणं म्हणजे आमचं काम.

त्यासाठी जाड भिंतीत दाराएवढी खिडकी होती. तिच्यात पत्र्याचं पॅनेल बोल्टांनी घट्ट बसवायचं. भिंतीच्या एका बाजूला मोठे कर्णे लावलेली खोली, तिला पोरं वाघखोली म्हणायची. दुसऱ्या बाजूची ती शांत खोली. तिथे फक्त मायक्रोफोन, आणि बाहेरून बघायला एक काच.

आणि तिथेच भास्कर. हा जळगावच्या पिंप्राळ्याचा माणूस, आयटीआय करून आमच्याकडे फिटर म्हणून लागलेला. त्याच्या कानाला देणगी होती. पॅनेलला चीर पडायच्या आधी त्याचा सूर किंचित खाली बसतो. आमच्या यंत्राला ते नंतर कळायचं, भास्करला आधी. इअरमफ काढून तो पॅनेलपासून हातभर अंतरावर उभा राहायचा आणि काचेतून मला बोट खाली करून दाखवायचा. मी चाचणी थांबवायचे. पॅनेल वाचायचं, चीर कुठे सुरू होतेय ते नेमकं सापडायचं, आमच्या अहवालांची वाहवा व्हायची. रजिस्टरमध्ये मात्र दर वेळी मी माझ्या हातानं लिहायचे, ‘चाचणीच्या वेळी शांत खोलीत कोणीही नव्हते.’ नियमच तसा होता. खरं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडलं असतं.

भास्करचे कान गेले. वैद्यकीय मंडळानं रजिस्टर पाहिलं, आत कोणी नव्हतंच म्हणे. त्याचे वडील म्हातारपणी कमी ऐकायचे हे विचारून घेतलं आणि कागदावर लिहिलं, आत कोणीही नव्हते, कारण आनुवंशिक असावे. तो घरी गेला. मी बढती घेतली, पुढे निवृत्त झाले.

यंदा त्याच्या मुलीचा, मनीषाचा फोनवर निरोप आला. चोपड्याच्या मुलाशी साखरपुडा झाला होता. देण्याघेण्याचं काही नव्हतं, पण कागदपत्रं दाखवताना भास्करनं भोळेपणानं आपला तोही कागद फाइलमध्ये ठेवला. मुलाकडच्यांनी तो वाचला आणि लग्न थांबवलं. बहिरेपण घराण्यात असेल तर उद्या नातवंडांचं काय? ‘मॅडम, तुम्ही येऊन सांगाल का की बाबांचे कान आवाजानं गेले? तुमचं ऐकतील.’

स्टेशनवरून रिक्षानं पिंप्राळ्याला पोचेपर्यंत रिक्षावाल्यानं मला सराफ बाजारापासून डाळमिलपर्यंत सगळं जळगाव तोंडी दाखवलं. कॉलनीत एकमजली घरं, दारात तुळस आणि स्कूटर. भास्कर फाटकात उभा होता. केस पांढरे, अंगानं वाळलेला.

"मॅडम!" तो एवढ्यानं ओरडला की समोरच्या दुकानातली बाई बाहेर आली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्या हातातली बॅग काढून घेतली. "पहिले जेवी ल्या. बोलनं मंग."

भरीत होतं. हिरव्या वांग्यांचं, काड्यांच्या जाळावर भाजलेलं, कांद्याची पात आणि मिरची घालून बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलेलं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. आमच्याकडे भरीत म्हणजे दही घालून गोडसर केलेला आजाऱ्याचा पदार्थ. हे खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी बेशरमासारखं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सगळ्यांना वाटलं मिरचीचं पाणी.

घरात प्रत्येक खोलीत एक पाटी आणि खडू. भास्करशी बोलायचं म्हणजे लिहायचं. मनीषा इथल्याच पाइपच्या कारखान्यात पाइपांवर दाब देऊन बघते, फुटतात का ते. हुशार, मोजकं बोलणारी मुलगी. तिनं पाटीवर लिहिलं, ‘उद्या तुमच्या कानांच्या तपासणीला मॅडम धुळ्याला येतील आपल्याबरोबर.’ भास्कर हसला.

"मॅडम, कानात शिट्टी वाजते," तो मला म्हणाला. "चोवीस तास. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ती त्या शेवटच्या पॅनेलचीच आहे. तोच सूर."

मला खरं वाटलं.

धुळे

कानांची तपासणी जळगावात का नाही, असं मी विचारलं. वहिनींनी कपाळाला हात लावला. इथे दवाखान्याची पायरी चढली की संध्याकाळपर्यंत चोपड्याला बातमी. म्हणून नव्वद किलोमीटर लांब, धुळ्याला, एसटीनं. आपल्या पुण्यात शेजारी मेला तरी आठ दिवस कळत नाही. इथे कान तपासायलाही जिल्हा ओलांडावा लागतो.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कापसाची वाळकी झाडं, मधूनच बोंडात राहिलेलं थोडं पांढरं. भास्कर खिडकीशी, मी शेजारी, मनीषा मागे. भास्करनं सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी पाटीवर लिहिलं, ‘हळू बोला.’ त्यानं वाचलं, मान हलवली आणि तेवढ्याच मोठ्यानं पुढच्या सीटवरच्या आजोबांना सांगायला लागला.

"या आमच्या मॅडम! विमानाचं काम केलं यांनी. मोठी बाई. माझे कान गेले त्यात यांचा काही दोष नाही हां! तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नाव शांत खोली, मग मी कशाला घाबरतो? मीच हौसेनं आत जायचो."

आजोबांनी मला हात जोडले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मी पारोळ्याचा किल्ला बघायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, तर किल्ला केव्हाच मागे गेला होता.

धुळ्यात बसस्टँडजवळ आधी शेवभाजी खाल्ली. तिखट शेव लाल रश्श्यात पडलेली, वर बोटभर तेल. मला उचकी लागली ती लागलीच. तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी भास्करला कानाला यंत्र लावून काचेच्या पेटीत बसवलं, आवाज आला की बटण दाब म्हणाल्या, आणि माझ्या उचकीमुळे मला बाहेर काढलं. नको त्या ठिकाणी आवाज करायची माझी जुनी खोड.

बाहेर बाकावर बसून दाराच्या काचेतून मी त्याला बघत होते. तो काचेच्या पलीकडे, डोळे मिटून ऐकायला धडपडतोय, आणि अलीकडे मी. ही जागा मला पाठ होती. फक्त इथे बटण त्याच्या हातात होतं.

डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला. वरच्या सुरांकडे रेघ खोल घसरलेली, त्यात एक खड्डा. "हे मोठ्या आवाजानं गेलेले कान दिसतात," त्या म्हणाल्या. "पण घराण्यातलं मुळीच नाही, असं मी छातीठोक लिहून देऊ शकत नाही. कुठला आवाज, किती वर्षं, हे कान सांगत नाहीत. तिथं हजर असलेल्यांनी सांगायला हवं."

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मी आलेखावरच नजर ठेवली. कारण तो आलेख मी ओळखत होते. त्याचीच उलटी बाजू माझ्याकडे होती. भास्कर पहिल्यांदा शांत खोलीत गेला त्याच्या सहा महिने आधी मी त्या खोलीतला आवाज मोजला होता, पॅनेल किती बोलतं ते काढायला. अगदी त्या खड्ड्याच्या जागी माझ्या आलेखात शिखर होतं. उघड्या कानानं तिथे दहा मिनिटं उभं राहू नये एवढा आवाज. ते मला आकड्यानिशी माहीत होतं. तरी एक दिवस, मुदत डोक्यावर असताना, मी म्हटलं होतं, "भास्कर, जरा आत जाऊन कान लावून बघता का?" तो गेला, त्याला बरोबर ऐकू आलं, आणि मग ती पद्धतच पडली. आम्ही मोजणारी माणसं. खोलीतला प्रत्येक आवाज आम्ही मोजला आणि त्यात उभ्या असलेल्या माणसालाही एक यंत्र धरून चाललो. तेही सर्वांत चांगलं यंत्र.

परतीच्या बसमध्ये भास्कर झोपला. झोपेत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललेसुद्धा नाही.

चोपडा

तिसऱ्या दिवशी मुलाच्या घरची जीप आम्हां चौघांना घ्यायला आली. विदगावजवळ तापीचा पूल ओलांडला आणि उत्तरेला सातपुडा दिसायला लागला. मग केळीच केळी. घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, बांधावर पाण्याच्या काळ्या नळ्या. आडगावात चहाला थांबलो तिथे वहिनी मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, आज नही जमनं तर पोर परत कोनलेच हो म्हनाव नही." या मुलीला हा मुलगा मनापासून आवडलाय, आज फिसकटलं तर ती पुन्हा कुणालाही होकार देणार नाही, हे त्या माऊलीला ठाऊक होतं.

मुलाचे आजोबा, त्यांना सगळे नाना म्हणतात, शेतातल्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये खाटेवर बसले होते. घरात बायाबापड्या जमल्या असत्या, म्हणून बैठक इथे. तिन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती, कोपऱ्यात केळीच्या पेट्या. नवरामुलगा राहुल एका बाजूला उभा, मान खाली. नाना आढेवेढे न घेता बोलले.

"बाई, पोर बठ्ठास्ले पसंत शे. पन उद्या नातूसना कान गयात तर? तुम्ही शिकेल बाई. तुम्ही सांगा."

मुलगी सगळ्यांना पसंत होती, अडलं होतं ते नातवंडांच्या कानांपाशी. मी डॉक्टरीणबाईंचा आलेख दाखवला. नानांनी तो उलटासुलटा करून ठेवून दिला. मग मी विचारलं, "नाना, वरातीचा डीजे घरावरून गेला की फळीवरची भांडी वाजतात की नाही?"

"वाजतस ना."

राहुलला म्हटलं, ट्रॅक्टरचा स्पीकर शेडच्या मागे, बाहेरच्या बाजूला ने आणि जोरात लाव. त्यानं लावला. सगळी शेड घुमायला लागली. घरून मागवलेल्या परातीत मूठभर रवा टाकून ती मी पत्र्याला टेकवून धरली. रवा उडायला लागला आणि हळूहळू ओळी धरून बसला. परात मनीषाच्या हाती देऊन मी नानांचा हात पत्र्यावर ठेवला. "हे बघा. स्पीकर बाहेर आहे. पण आत बोलतोय तो पत्रा. विमानाचा आवाज याच्या किती तरी पट मोठा. तुमचे व्याही अशा पत्र्यासमोर हातभर अंतरावर उभे राहायचे. रोज, बारा वर्षं."

तेवढ्यात भास्कर उठला. त्याला बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण परात पाहून सगळं समजलं होतं. त्यानं दोन्ही तळहात पत्र्यावर पसरले, डोळे मिटले. "वरचा सूर," तो ओरडला. "आता खालचा. आणि मॅडम, ही तिसरी पट्टी सैल आहे. स्क्रू गेलाय इथला." राहुलनं जाऊन पाहिलं. स्क्रू खरंच नव्हता. शेडमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली. भास्करला टाळ्या दिसल्या आणि तो लहान पोरासारखा लाजला. मनीषा राहुलकडे बघून हसली. झालं, मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

नाना हसत नव्हते. स्पीकर बंद करायला सांगून ते मला म्हणाले, "समजनं. पन मंग हाऊ कागद काय सांगस? मझार कोनी नव्हतं म्हने. मंग याले मझार कोनी उभं कयं?"

आत उभं कुणी केलं. एवढा साधा प्रश्न. वैद्यकीय मंडळात इतकी शिकलेली माणसं होती, एकानंही तो विचारला नव्हता.

मी सांगितलं. "मी केलं, नाना. रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं तेही मीच. आवाज किती आहे हे मला आधीपासून माहीत होतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मनीषाच्या हातातली परात कलली आणि रवा खाली सांडला. आणि भास्कर माझ्या शेजारी बसून सगळ्यांकडे हसून बघत होता. मी कबुली दिली ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि त्याला पत्ता नव्हता. खरं सांगते, माझ्या मनात आलं, बरं झालं. लग्नही होईल आणि याला कळणारही नाही.

"बोलेल वारावर जास, बाई," नाना म्हणाले. "कागदवर लिखी द्या. उद्या भावबंद इचारतीन तर मी काय दखाडू?"

भावबंदांना दाखवायला कागद हवा होता. पॅकिंगच्या पेटीवर कागद ठेवून मी लिहिलं. आधी लिहिलं, ‘भास्कर यांचे कान कामाच्या ठिकाणच्या मोठ्या आवाजामुळे गेले.’ नानांनी राहुलकडून वाचून घेतलं आणि कागद परत माझ्यासमोर ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी, आणि ते त्यांना दिसलं. मग दुसरा कागद घेतला आणि सगळं लिहिलं. कोणत्या साली मोजलं, आकडा किती, आत कुणी पाठवलं, रजिस्टरमध्ये काय लिहिलं. सही केली. नाव, हुद्दा, पत्ता.

राहुलनं वाचलं. नानांनी मान हलवली. "घराणं साफ शे," ते म्हणाले. "लगीन व्हई." वहिनी रडायला लागल्या. माणसं उठून एकमेकांना राम राम करायला लागली, कुणीतरी पेढ्यांना पाठवलं.

भास्करनं विचारलं, "काय झालं? जमलं का?" आणि उत्तराची वाट न बघता, घरातल्या सवयीनं, त्यानं मी लिहिलेला कागद हातात घेतला.

मनीषा पुढे झाली. "बाबा, राहू द्या—" पण ऐकणार कोण?

त्यानं चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं. आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे वळला.

"हा त्या खोलीतला?"

मी मान हलवली.

"मी आत जायच्या आधीचा?"

मी मान हलवली. पाटी माझ्या मांडीवर होती, खडू हातात होता.

त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि ती नानांच्या हातात दिली. "ठेवा, नाना. जपून ठेवा." मग मनीषाच्या डोक्यावर हात ठेवला. पेढे आले. त्यानं सगळ्यांना दिले, मलाही दिला. मी तो हातातच धरून बसले.

जीपकडे जाताना तो माझ्या बरोबरीनं चालत होता. मी पाटीवर एकच शब्द लिहून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो वाचला आणि तळहातानं पुसून टाकला.

"लग्नाला येऊ नका, मॅडम," तो म्हणाला. "पाहुण्यांना मी सांगेन काहीतरी." जीपचं दार त्यानंच माझ्यासाठी उघडून धरलं, जुन्या सवयीनं. मी चढून बसले तरी तो तिथेच उभा होता.

"तुम्ही सांगितलं असतं ना, की कान जातील, तरी मी आत गेलो असतो," तो म्हणाला. "कामच तसं होतं. तुमच्यावर विश्वासही होता. मी गेलोच असतो, मॅडम. पण तुम्ही मला विचारायला तर हवं होतं."

त्यानं दार लावलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. जळगाव येईपर्यंत त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.